शेल्पमास्तर

वेल्ह्याच्या शाळेत मी ज्यांच्या हाताखाली नोकरीला लागलो त्यांना सगळा गाव शेल्पमास्तर म्हणे. पाठीमागे म्हणे आणि तोंडावरही म्हणे, कारण खुद्द मास्तरांना त्या नावाचा अभिमान होता. मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ ह्या इंग्रजी शब्दांवर त्यांचा जेवढा जीव होता तेवढा मी पुढे कुणाचा बायकोवरही पाहिला नाही. मास्तरांना बायको नव्हती, ही गोष्ट अलाहिदा.

तेव्हा भोर संस्थान होतं आणि वेल्हं म्हणजे त्याचं डोंगरातलं टोक. इकडे बदली झाली की भोरची माणसं काशीला निघाल्यासारखा घरच्यांचा निरोप घेत. मास्तरांनी मात्र वेल्हं मागून घेतलं होतं. भोरात त्यांचे तिन्ही भाऊ कचेरीला चिकटले होते, चौथ्यानेही चिकटावं अशी वडिलांची इच्छा होती. पण हा गृहस्थ उठला आणि तोरण्याच्या पायथ्याशी येऊन राहिला. का, तर त्याला इंग्रजी शिकवायचं होतं. इथे कोण बोलणार होतं इंग्रजी? म्हशी? मी एकदा विचारलंही. "इथे कुणालाच येत नाही. म्हणजे कुणी चुकीचं शिकलेलं नाही," असं मास्तर म्हणाले. 

त्यांच्या इंग्रजीची कुळकथा अशी. शाळेत शिकलेलं ते विसरले होते. खरं इंग्रजी आलं ते भोरच्या पेठेतल्या एका वाण्याच्या रद्दीतून. कुण्या गोऱ्या साहेबाचं व्याकरणाचं जाडजूड पुस्तक वाण्याकडे आलं होतं आणि त्याची पहिली साठ पानं जिऱ्या-मोहरीच्या पुड्या बांधण्यात खर्ची पडली होती. एकसष्टाव्या पानावर जे प्रकरण सुरू होत होतं ते ह्या सेल्फांचं. मास्तरांनी उरलेलं पुस्तक उचललं, घरी नेलं आणि पाठ केलं. त्यामुळे त्यांचं इंग्रजी त्या प्रकरणापासून सुरू झालं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचंही. वेल्ह्याच्या पोरांना 'दे' यायच्या आधी 'देमसेल्व्ज' येत असे. 'टेबल' आणि 'चेअर' हे शब्द बहुधा पुड्यांबरोबर गेले होते. शाळेत टेबल-खुर्ची नव्हती, म्हणून अडलं नाही.

मास्तरांचा एक सिद्धांत होता आणि तो ते पोस्टमनपासून फौजदारापर्यंत कुणालाही ऐकवीत. "इंग्रज माणूस स्वतःला दुसरा माणूस समजतो. आपण म्हणतो, मला लागलं. तो म्हणतो, मी मला लावून घेतलं: आय हर्ट मायसेल्फ. आपण म्हणतो, मजा आली. कुठून आली, कुणी पाठवली, पत्ता नाही. तो म्हणतो, आय एन्जॉइड मायसेल्फ. म्हणजे मजेची जबाबदारी त्याची. जो स्वतःला हुकूम करतो त्याला दुसऱ्याला हुकूम करायला काय लागतं? म्हणून त्यांचं राज्य झालं." फौजदार हे ऐकून म्हणाला होता, "मास्तर, तोफापण होत्या त्यांच्याकडे." मास्तर म्हणाले, "तोफा नंतर."

ह्या सिद्धांताला धरून ते वागतही. सगळं स्वतः करायचं. स्वयंपाक स्वतः, धुणं स्वतः, जोड्याला टाका स्वतः. आता दाढी. गावचा न्हावी धोंडू सालाच्या बलुत्यावर अख्ख्या गावाची हजामत करायचा. मास्तर 'शेव्ह' ह्या क्रियापदाचा धडा घेताना वर्गातच वस्तरा चालवू लागले, तसा धोंडू पाटलांच्या ओट्यावर जाऊन बसला. "पाटील, मास्तर सोताची दाढी सोताच करत्यात. पोरं बघत्यात. उद्या समदा गाव इंग्रजी शिकला तर म्या काय बकऱ्या भादरू?"

पाटलांनी न्याय केला. डावा गाल मास्तरांचा, उजवा धोंडूचा. मास्तर खूश झाले. एका तोंडात दोन वाक्यं मिळाली: डावीकडे 'आय शेव्ह', उजवीकडे 'द बार्बर शेव्ज मी'. दर बुधवारी ते सकाळी डावा गाल करून शाळेत येत आणि धोंडूला सवड मिळेपर्यंत तसेच वावरत. एखाद्या बुधवारी धोंडू शेजारच्या विंझरला गेलेला असला की गुरुवारीही तसेच. मी विचारलं, "डावीकडे 'मायसेल्फ' नाही का लावायचं?" तर म्हणाले, "दाढी ज्याची त्यानेच करायची हे इंग्रजाला ठाऊक असतं, मग सेल्फ कशाला? कौतुक असलं तरच लावायचं. लहानग्या पोराने पहिल्यांदा आपलं आपण अंगडं घातलं, तर 'ही ड्रेस्ड हिमसेल्फ'."

शब्दयोगी अव्ययांपाशी तर ते भलतेच हळवे होत. छत्री हे त्यांचं आवडतं उदाहरण. मी शिकायला म्हणून त्यांच्या इंग्रजीच्या वर्गात मागे बसू लागलो तेव्हा 'मी माझ्याबरोबर छत्री घेतली' ह्याचं इंग्रजी करताना 'विथ मायसेल्फ' म्हणालो. मास्तरांनी खडू खाली ठेवला. "छत्री तुझ्याबरोबर येते. ती विसरू शकते, म्हणून सांगावं लागतं. तू तुझ्याबरोबर यायला विसरशील का? मग 'विथ मी'. पण स्वतःशीच बडबडलास तर 'टू युवरसेल्फ', कारण बडबड दुसऱ्याशीही करता येते. एकटाच बसलास तर 'बाय युवरसेल्फ'." मग ते मला घेऊन बाहेर आले, छत्री उघडून माझ्या हातात दिली आणि नदीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. कडक ऊन होतं. मी गेलो आणि आलो. तेव्हापासून ती चूक माझ्या हातून झाली नाही, हे कबूल केलं पाहिजे.

सगळ्यांत हाल होत ते 'एन्जॉय'चे. वर्षातून एकदा ते पोरांना तोरण्यावर नेत. वर पोचल्यावर सगळ्यांना ओळीत उभं करत, शिट्टी वाजवत आणि हुकूम सोडत, "एन्जॉय युवरसेल्व्ज!" पोरं धापा टाकत असत. मास्तर ओळीतून फिरत आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत. "तू करत नाहीयेस. कर." पाच मिनिटांनी पुन्हा शिट्टी. ज्याची मजा शिट्टीनंतरही चालू राही त्याला उठाबशा.

तर हा वर्ग. शाळा मराठी. इंग्रजीचा वर्ग मास्तरांनी आपल्या हिमतीवर काढला होता, शाळा सुटल्यावर दोन तास. विद्यार्थी सात. त्यांतला सगळ्यांत मोठा पालीचा हैबती. वय एकोणीस, मिशा भरघोस, घरी एक बायको आणि दोन बैल. रोज सकाळचं औत सोडून, फडक्यात भाकरी बांधून, तो पालीहून चालत यायचा. इंग्रजी कशाला शिकतोस असं मी त्याला विचारलं होतं. "धाकला भाऊ पलटणीत हाय. सायबाशी बोलतो म्हनं. आन म्या थोरला आसून मुका. बरं दिसतं व्हय?"

चार वर्षं वर्ग बिनबोभाट चालला आणि मग भोरहून कचेरीचं पत्र आलं. बिनमंजुरीचा वर्ग चालवता येणार नाही. डिपोटीसाहेब तपासणीला येतील. त्यांनी मंजुरी दिली तर वर्ग चालेल, नाहीतर बंद. बंद म्हणजे त्या सात जणांचं इंग्रजी तिथेच संपलं. भोरला राहून शिकण्याची ऐपत एकाच्याही बापाची नव्हती. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ होती: मंजूर वर्गाला शिक्षक मॅट्रिक पास पाहिजे.

मास्तर मॅट्रिकला तीनदा बसले होते. तिन्ही वेळा इंग्रजीत उत्तम गुण आणि गणितात आपटी. म्हणजे हिशेब सरळ होता. मंजुरी नाही मिळाली तर वर्ग जाणार आणि मिळाली तर वर्गातून मास्तर जाणार. मी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणालो, "मास्तर, साहेबाला काहीतरी कारण सांगून टाळू. पोरं आजारी आहेत म्हणू."

मास्तर माझ्यावर असे खेकसले की शाळेतला बांबूच्या तट्ट्याचा आडोसा हलला. "वर्ग राहिला पाहिजे! मी कुठे बसतो हा प्रश्न निराळा." आणि लगेच शांत होऊन म्हणाले, "साहेबाच्या जेवणाचं काय करायचं?"

डिपोटीसाहेब म्हणजे त्या काळी छोटा देवच. त्याचं तट्टू गावाच्या वेशीवर दिसलं की मास्तर लोक टोप्या सारख्या करत आणि ज्याच्या घरी साहेबाचं पान पडे त्याच्या शाळेचा शेरा बहुधा गोड पडे. हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. मास्तरांनाही होतं. पण त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. "दुसऱ्या शाळा पोपट दाखवतात. आपण साहेबाला दाखवू की ही शाळा इंग्रजी जगते. जेवण 'हेल्प युवरसेल्फ' होईल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे वाढणारा कोणी नाही. भांडी मधे. ज्याला जे पाहिजे ते त्याने स्वतः घ्यायचं. आग्रह नाही. आग्रह हा दुसऱ्याच्या पोटावरचा अत्याचार आहे."

मी हात जोडले. पाटलांना घेऊन आलो. पाटील म्हणाले, "मास्तर, पाव्हन्याला न वाढता जेवायला बशिवनं म्हंजी त्याला 'जा' म्हनन्यासारखं हाय." मास्तर म्हणाले, "पाटील, इंग्लंडच्या राजाकडे असंच जेवतात." पाटील म्हणाले, "मग तो असू दे तिकडंच." पण मास्तर बधले नाहीत. पहाटे उठून त्यांनी एकट्याने स्वयंपाक केला. आंबेमोहोराचा भात, वरण, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, गव्हल्यांची खीर. त्यांच्या हाताला चव होती हे मी शपथेवर सांगेन.

साहेब विंझरला मुक्काम करून सकाळी तट्टावरून आले. गोरेपान, घारे, गुंडीबंद कोट, आणि चेहऱ्यावर चार दिवसांच्या प्रवासाची भूक. आंघोळ करून सोवळं नेसून पानावर बसले. समोर मास्तर. मधे भांडी, प्रत्येकात पळी. मी मराठ्याचा, तेव्हा माझं पान पडवीत होतं. तिथून दारातून सगळं दिसत होतं. शाळेच्या अंगणातून हैबती आणि बाकीचे सहा जणही बघत होते.

मास्तर हात जोडून म्हणाले, "सर, प्लीज हेल्प युवरसेल्फ."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. वाढायला कोणी येतंय का ह्याची मिनिटभर वाट पाहिली. मग इंग्रजीचा मान म्हणून, जरा संकोचाने, पळीने मूदभर भात घेतला, त्यावर चमचाभर वरण, एक वांगं. पहिल्या वाढपात कोण भला माणूस पान भरून घेईल? पुढे आग्रह होणारच असतो, त्यातून हळूहळू जेवायचं असतं. आपल्याकडचं जेवण असंच चालतं आणि साहेब तसेच वाढलेले. मास्तरांनी मात्र वर्षानुवर्षं एकट्याने जेवायच्या सवयीने पानात एकदमच डोंगर रचला: भात, वरण, चार वांगी, कोशिंबीर, खिरीची वाटी. चित्राहुती झाल्या. जेवण सुरू झालं.

चार घासांत साहेबांचं पान रिकामं झालं आणि मग आम्हा सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. साहेबांचा उजवा हात आता उष्टा. उष्ट्या हाताने वाढपाच्या पळीला शिवायचं नाही. डाव्या हाताने घ्यावं तर त्याहून वाईट. हात धुवायला उठावं तर पानावरून उठलेला माणूस पुन्हा बसत नाही. मास्तरांनी वाढावं, तर त्यांचा हातही उष्टा. घरात तिसरा कुणी सोवळ्यातला माणूस नाही. मी वाढलेलं साहेबांना चालणार नाही. म्हणजे समोर पातेलंभर आंबेमोहोर वाफाळतोय, खिरीला केशराचा वास सुटलाय आणि डिपोटी इन्स्पेक्टर दोन हातांवर, उपाशी.

मास्तरांना पत्ता नव्हता. ते खाली मान घालून आपला डोंगर उतरत होते. मधेच वर बघून त्यांनी प्रेमाने विचारलं, "सर, यू आर नॉट हेल्पिंग युवरसेल्फ?"

साहेबांनी घशातून एक आवाज काढला. ते इंग्रजी नव्हतं, मराठीही नव्हतं. मला पडवीत हसू येत होतं आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर बंद झालेला वर्ग दिसत होता. मास्तरांचा मला त्या क्षणी इतका राग आला की त्यांची शिट्टी तोरण्यावरून खाली फेकावी. मास्तर खीर संपवून तृप्त झाले, साहेब पाण्यावर उठले.

तपासणी दोन वाजता सुरू झाली. साहेब पाटलांकडून आणलेल्या स्टुलावर बसले. त्यांच्या पोटातून आवाज येत होते आणि पोरांना ते ऐकू येत होते. प्रश्न सुरू झाले तसे मास्तरांच्या पद्धतीने पोरं उत्तर नुसतं देईनात, करून दाखवू लागली. 'हर्ट' विचारलं की सातही जणांनी आपापल्या गालावर चापट मारली. 'टॉक टू वनसेल्फ' म्हटल्यावर वर्गभर पुटपुट सुरू झाली आणि ती थांबवायला साहेबांना छडी आपटावी लागली.

"हा काय पोरखेळ आहे?" साहेब कडाडले. "हा वर्ग आहे की वेड्यांचा बाजार? ए मिशीवाल्या! ऊठ! एक वाक्य सांग. पाठ केलेलं नको, आत्ता मनाने केलेलं."

हैबती उठला. त्याने मिशीवरून हात फिरवला, खाली पाहिलं, मग सरळ साहेबांकडे पाहिलं. "सर इज हंग्री. सर डिड नॉट हेल्प हिमसेल्फ."

बाहेर कोंबड्या उकरत होत्या.  मास्तर समाधानाने मान डोलावून म्हणाले, "करेक्ट. वाक्य बरोबर आहे."

हैबती बसला नाही. त्याने फडकं सोडलं, दोन भाकरी आणि वर लसणीचा ठेचा असं पुढे नेऊन साहेबांच्या गुडघ्यावर ठेवलं. "सायेब, लाजू नगा. आमी बघत न्हाई. भाकर माज्या बायकूनं सकाळी थापलीया, लई मऊ हाय."

साहेबांनी भाकरीकडे पाहिलं. ज्या माणसाने डावा हात पळीला लावला नव्हता त्याच्यासमोर कुणब्याच्या चुलीवरची भाकरी होती. तेव्हा मास्तरांना कळलं. सगळं एकदम कळलं. दुपारचं जेवण, ती पळी, तो उष्टा हात. त्यांचा चेहरा पार उतरला. मग ते ताडकन उठले आणि तोरण्यावरच्या आवाजात ओरडले, "क्लास! टर्न टू द वॉल! सगळी सर्वनामं, मोठ्याने!"

सात जण भिंतीकडे वळले, मीही वळलो, मास्तरही वळले. मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ. आम्ही घसे फोडून ओरडत होतो, की मागून चावण्याचा आवाज कुणाला ऐकू येऊ नये. चार आवर्तनं झाली. पाचव्याला मागून "पाणी" असा बारीक आवाज आला. हैबतीने भिंतीकडे तोंड ठेवूनच तांब्या मागे सरकवला.

साहेब खाकरले. आम्ही वळलो. फडक्यात कण शिल्लक नव्हता. ठेच्याने साहेबांच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र आल्यापासून पहिल्यांदा माणसासारखा दिसत होता. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, धिस इज बिट्वीन अवरसेल्व्ज."

कुणाही शहाण्या माणसाने इथे मान खाली घालून "होय साहेब" म्हटलं असतं. मास्तर म्हणाले, "सर, बिट्वीन दोघांत. आपण एकंदर दहा जण आहोत. अमंग अवरसेल्व्ज म्हटलेलं बरं."

मी डोळे मिटले. गेला वर्ग, असं मनाशी म्हटलं. आणि मग हसणं ऐकू आलं. साहेब स्टुलावर मागे रेलून, पोट धरून हसत होते. "अमंग अवरसेल्व्ज," ते म्हणाले, "अमंग अवरसेल्व्ज!" हैबतीला काही न कळता तोही हसला.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं की वर्गाची तयारी असाधारण आहे आणि वर्ग मंजूर करावा. खाली लिहिलं की दोन वर्षांत मॅट्रिक पास शिक्षक नेमला जावा; तोवर सध्याच्या शिक्षकांनी काम पाहावं. तट्टावर बसताना ते मास्तरांना म्हणाले, "ह्याहून जास्त माझ्या हातात नाही हो." मास्तरांनी वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी मास्तरांनी मला बोलावलं. "इथे भोरहून मॅट्रिकवाला कुणी येणार नाही. आला तर पावसाळ्यात पळेल. तेव्हा तू बसायचंस परीक्षेला."

"मी? आणि तुम्ही?"

"मीही बसतो की! दोघांपैकी एक तरी लागेल."

दोन वर्षं आम्ही घासली. सकाळी ते माझे मास्तर, दुपारी मी त्यांचा. इंग्रजी त्यांनी माझ्या हाडात उतरवलं. गणित मात्र मला त्यांच्या कातडीतही शिरवता आलं नाही. हौदाचं गणित घातलं की ते भांडायला उठत. "एक नळ भरतो आणि दुसरा रिकामा करतो, तर दुसरा बंद करा ना! ह्यात शिक्षण काय?" उत्तर चुकलं की उदाहरण घालणाऱ्याच्या चारित्र्यावर घसरत. एकदा त्यांनी एका उदाहरणातल्या व्यापाऱ्याला पत्र लिहायला घेतलं होतं.

पुण्याला जाऊन आम्ही परीक्षा दिली. निकालाचा पेपर वेल्ह्याला पोचायला चार दिवस लागले. माझा नंबर होता. त्यांचा नव्हता. मी पेपर लपवू पाहत होतो, पण त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला, घडी केली आणि शाळेची घंटा भलत्या वेळी बडवून पोरांना सुट्टी दिली. गावभर सांगत फिरले, "आमचा पोरगा मॅट्रिक झाला!" धोंडूने त्या दिवशी त्यांचे दोन्ही गाल फुकट करून दिले. मला मात्र तोंड वर करता येईना. मी म्हटलं, "मास्तर, वर्ग तुम्हीच घ्या. कागदावर मी राहीन." ते म्हणाले, "खोटं शिकवायचं असेल तर गणित शिकव."

सोमवारपासून इंग्रजीचा वर्ग माझा झाला आणि मास्तर त्याच वेळी पहिलीच्या कच्च्या पोरांना घेऊन पलीकडे बसू लागले. मधे बांबूच्या तट्ट्याचा आडोसा. मी पहिलं वाक्य बोललो, तिसऱ्या शब्दाला अडखळलो आणि पलीकडून खोकला आला. हैबती म्हणाला, "मास्तर, चुकलं तुमचं." मी दुरुस्त केलं. पुन्हा चुकलो, पुन्हा खोकला. पहिल्या महिन्यात मी इतका चुकलो की पाटलांनी मास्तरांना अडुळशाचा काढा पाठवला. मग दिवाळीनंतर खोकला कमी होत गेला. आठवड्यातून चारदा, मग दोनदा. पोरं माझ्याकडे पाहायच्या आधी तट्ट्याकडे पाहत.

माघातला एक दिवस होता. दोन तास संपले तरी एकदाही खोकला नाही. मला भीती वाटली. वर्ग सोडून मी पलीकडे डोकावलो. पहिलीची पोरं तोंडावर बोट ठेवून चिडीचूप बसली होती आणि मास्तर तट्ट्याला कान लावून उभे होते.

मला पाहून ते बाजूला झाले. "आज कुठेच चुकला नाहीस," म्हणाले. आवाज आनंदाचा होता. चेहरा नव्हता. "चला. आता मला ह्या पोरांचे पाढे घ्यायला हरकत नाही." आणि तट्ट्याकडे पाठ करून ते 'बे एके बे' सांगू लागले. चांगलं शिकवल्याचं वाईट मला आयुष्यात त्या एकाच दिवशी वाटलं. घरी जाऊन मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात पहिली दोन वाक्यं मी नीट घेतली. तिसरं एक अगदी सोपं वाक्य, जे आमच्यातल्या सगळ्यांत ढ पोरानेही झोपेत बरोबर म्हटलं असतं, ते मी मोठ्याने, सावकाश, चुकीचं म्हटलं. पोरांनी चमकून तट्ट्याकडे पाहिलं. पलीकडे पाढे चालू होते. मी तेच वाक्य आणखी मोठ्याने, तसंच चुकीचं म्हटलं. पाढे थांबले.

मग खोकला आला. खणखणीत, छातीतून, लागोपाठ दोनदा.

"मास्तर, चुकलं," हैबती म्हणाला.

"हो रे, चुकलंच," मी म्हटलं आणि फळ्याकडे तोंड केलं. ते वाक्य दुरुस्त करून लिहायला मला त्या दिवशी बराच वेळ लागला.